सुरतेला चुकलेली गाडी

सुरत म्हटले की आपणा मराठी माणसांच्या डोळ्यांपुढे प्रथम उभी राहते ती शिवछत्रपतींची स्वारी. १६६४ आणि १६७० अशी दोनदा महाराजांनी ही मोगलांची श्रीमंत बाजारपेठ लुटली, हे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला इंग्रजांची वखार, जरीचे काम, कापडाचा बाजार आणि हिऱ्यांना पैलू पाडणारे कारखाने आठवतात. इतिहासाच्या प्राध्यापकांना १९०७ सालची, जहाल आणि मवाळ यांच्या भांडणात मोडलेली काँग्रेस आठवेल. मला मात्र अलीकडे सुरत म्हटले की एक एकवीस वर्षांचा तरुण आठवतो. साल १९१३. बडोद्याहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीतून तो सुरत स्टेशनावर उतरला आहे. मुंबईत आजारी पडलेल्या वडिलांसाठी त्याने मिठाई घेतली आहे. आणि तेवढ्यात गाडी सुटून गेली आहे.

हा तरुण म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. घटनेचे शिल्पकार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पुतळ्यांतून आणि तसबिरींतून रोज पाहतो. परंतु नोकरी शोधणारा, नोकरीच्या दारातून परत फिरणारा आणि तरीही मान न वाकवणारा उमेदवार म्हणून त्यांच्याकडे आपण क्वचितच पाहतो. पदवीचे शेवटचे वर्ष जवळ आले की आपल्या सर्वांच्याच पोटात मुलाखतीचा गोळा येतो. म्हणून त्यांच्या आयुष्यातील हीच बाजू येथे सांगण्याचा माझा विचार आहे.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी लष्करात सुभेदार होते. साताऱ्याच्या शाळेत या मुलाला बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतावे तेव्हा ते प्यायचे. शिपाई नसला तर घसा कोरडाच. अशा स्थितीतून १९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून ते मॅट्रिक झाले. त्यानिमित्त झालेल्या सत्काराच्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे कॉलेजात इंटरपर्यंत जाता जाता सुभेदारांचा पैसा संपला. तेव्हा केळुसकर गुरुजीच त्यांना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या भेटीस घेऊन गेले.

भीमरावांच्या आयुष्यातली ही पहिली मुलाखत म्हणावयास हरकत नाही. एका बाजूला एका मोठ्या संस्थानाचा अधिपती आणि दुसऱ्या बाजूला परळच्या चाळीत राहणारा, अस्पृश्य मानला गेलेला विद्यार्थी. महाराजांनी त्याला काही प्रश्न विचारले, त्याने नीट उत्तरे दिली, आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. इतकी साधी ही गोष्ट आहे. विद्यार्थ्याची जात महाराजांना ठाऊक होती. तरीही परीक्षा झाली ती बुद्धीची. या शिष्यवृत्तीवर भीमराव बी. ए. झाले आणि जानेवारी १९१३ मध्ये बडोदे संस्थानच्या नोकरीत, तेथील लष्करात लेफ्टनंट म्हणून रुजू झाले. मुलाने बडोद्यास जावे हे सुभेदारांच्या मनात नव्हते. तेथे काय वाट्याला येईल याचा त्यांना अंदाज असावा.

जेमतेम काही दिवस झाले असतील नसतील, तोच वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. भीमराव तसेच निघाले. वाटेत सुरत लागली. वडिलांच्या हातावर काही गोड ठेवावे म्हणून ते खाली उतरले, आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी ते घरी पोहोचले तेव्हा सुभेदारांची दृष्टी मुलालाच शोधत होती. २ फेब्रुवारी १९१३ रोजी मुलाच्या पाठीवरून हात फिरवून त्यांनी प्राण सोडला. पहिल्या नोकरीतून वडिलांसाठी काही घेऊन जाण्याची इच्छा कोणत्या मुलाला नसते? ही गोष्ट वाचताना आजही गळा दाटून येतो.

मी ही हकीगत वाचली ती सुरतेतच. माझे मामा नोकरीनिमित्त सुरतेस उधना भागात राहतात. गेल्या मे महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो असता, सुट्टीपुरते काम मिळाले तर पाहावे म्हणून एका कापडाच्या पेढीत हिशेबनिसाच्या मदतनिसाची जागा होती, तिथे भेटीस गेलो. पेढीचे नाव सांगण्यात अर्थ नाही. अडीच तास बाकावर बसवून ठेवल्यावर आत बोलावणे आले. मी पुढे केलेली गुणपत्रिका शेटजींनी उघडलीच नाही. आडनाव दोनदा विचारले, त्यानंतर सरळ जात विचारली. माध्यम मराठी हे कळल्यावर इंग्रजीत काही बोलून दाखवायला सांगितले, आणि मी बोलू लागताच शेजारी बसलेल्या दोघांना हसू फुटले. घरी आजीशी कन्नड बोलतो, शाळा मराठीत झाली, अशा दोन भाषा येतात असे सांगितले तर त्यांचा येथे काय उपयोग, असे विचारण्यात आले. चहा आणून देता येईल का, हाही एक प्रश्न होता. जमा-खर्चाचा, ताळेबंदाचा, जीएसटीचा प्रश्न मात्र एकही नव्हता. मी गुणपत्रिका उचलली, नमस्कार केला आणि बाहेर पडलो. बाहेरच्या वृद्ध मुनीमजींनी मला बसवून पाण्याचा ग्लास हातात दिला. घरी आल्यावर मामांच्या कपाटातले धनंजय कीर यांनी लिहिलेले आंबेडकरांचे चरित्र सहज हातात घेतले, आणि चार दिवस ते खाली ठेवले नाही.

येथे एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. माझा अपमान अर्ध्या तासाचा होता आणि बाहेर मला पाणी मिळाले. भीमरावांना जे सोसावे लागले त्याच्याशी याची बरोबरी करणे म्हणजे डोंगराशी खड्याची बरोबरी करणे होय. परंतु लहान ठेच लागलेल्या माणसाला मोठी जखम थोडी अधिक समजते, एवढे खरे.

वडील गेल्यावर भीमरावांना बडोद्यास परत जावेसे वाटेना. त्याच सुमारास महाराज काही विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस पाठविण्याच्या विचारात होते. मुंबईत पुन्हा भेट झाली, पुन्हा प्रश्नोत्तरे झाली आणि भीमरावांची निवड झाली. ४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, ही त्यातली अट होती. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१५ साली एम. ए. झाले, त्यासाठी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभार व अर्थव्यवस्थेवर प्रबंध लिहिला होता. १९१६ साली ते लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ च्या ऑगस्टमध्ये अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. त्यांचे सामान ज्या बोटीवर होते ती महायुद्धात बुडाली. सामानाची जी भरपाई मिळाली, तिच्यातूनच बडोद्यास जाण्याचा खर्च निघाला.

आता हा उमेदवार तोच होता. संस्थान तेच होते. महाराजही तेच होते. पुढे अर्थमंत्री करावे या हेतूने महाराजांनी त्यांना निरनिराळ्या खात्यांचा अनुभव देण्याचे ठरविले होते आणि महालेखापालांच्या कचेरीत ते उमेदवारी करू लागले. तथापि स्टेशनावर त्यांना घ्यायला कोणी आले नाही. कोणतीही हिंदू खाणावळ त्यांना जागा देईना. शेवटी पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. भाडे रोज दीड रुपया. कचेरीत शिपाई त्यांच्या मेजावर कागदपत्रे लांबून टाकीत. त्यांना प्यायला पाणी मिळण्याची सोय नव्हती. ज्याने कोलंबियात जगातल्या नामवंत अर्थशास्त्रज्ञांसमोर बसून विद्या मिळविली, त्याच्या हातात कागद देताना एका शिपायाला विटाळाची भीती वाटत होती!

अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीला निघण्याच्या तयारीत असता दहा-बारा पारशी हातात काठ्या घेऊन जिन्यावरून वर आले. त्यांनी प्रश्नांचा भडिमार सुरू केला. तू कोण, येथे का आलास, आमचे नाव घेण्याची तुझी छाती कशी झाली, धर्मशाळा का बाटवलीस, अशा आशयाचे ते प्रश्न होते. ही त्यांच्या आयुष्यातली दुसऱ्या तऱ्हेची मुलाखत. येथे उत्तराला किंमतच नव्हती, कारण निकाल आधीच ठरलेला होता. भीमराव गप्प उभे राहिले. त्यांनी गयावया केली नाही, शिवीला शिवी दिली नाही, आणि खोटे नाव पुढे रेटून वाद घातला नाही. आठ तासांची मुदत मात्र मागून घेतली. त्या आठ तासांत त्यांनी दोन मित्रांकडे आसरा मागून पाहिला. एक हिंदू, दुसरा ख्रिस्ती. पहिल्याने नोकर निघून जातील अशी अडचण सांगितली, दुसऱ्याने बायकोला विचारायला हवे असे सांगून वेळ मारून नेली. मग ते कमाटीबागेत जाऊन बसले. त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात. रात्रीच्या गाडीने त्यांनी बडोदे सोडले. चार वर्षांपूर्वी वडिलांसाठी मिठाई घ्यायला ज्या सुरत स्टेशनावर ते उतरले होते, ते त्या रात्री पुन्हा वाटेत लागून गेले असणार. यावेळी उतरण्यासारखे काही उरले नव्हते.

वाचकहो, येथे क्षणभर थांबून विचार करण्याजोगे काही आहे. सयाजीराव महाराजांच्या औदार्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. बाबासाहेबांनीही ते कधी विसरले नाहीत. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला, तो त्यांनी सयाजीरावांनाच अर्पण केला आहे. पण राजा उदार असून भागत नाही, हेच बडोद्याने दाखविले. राजाची दयाबुद्धी राजवाड्याच्या दारापर्यंत चालते. कचेरीतल्या मेजापाशी शिपायाची बुद्धी चालते. ज्या मानासाठी समोरच्याच्या चांगुलपणावर अवलंबून राहावे लागते, तो मान समोरचा माणूस बदलला की संपतो. माझ्या समजुतीप्रमाणे बाबासाहेबांच्या पुढच्या साऱ्या खटपटीचे मूळ या एका अनुभवात सापडते.

मुंबईस परतल्यावर पोटाचा प्रश्न होताच. त्यांनी दोन विद्यार्थ्यांच्या शिकवण्या धरल्या. मग शेअर्सच्या व्यापाऱ्यांना सल्ला देणारी एक कचेरी थाटली. वाणिज्याच्या विद्यार्थ्यांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावे. अर्थशास्त्रातला एवढा जाणकार मुंबईच्या बाजारात तेव्हा सहज मिळण्यासारखा नव्हता आणि सुरुवातीला गिऱ्हाईकही येऊ लागले होते. पण सल्लागार कोणत्या जातीचा हे कळताच ते येईनासे झाले. सल्ला तोच, आकडे तेच. पण कचेरी बंद करावी लागली. बाजार फक्त नफा-तोटा पाहतो असे आपण पुस्तकात शिकतो. हा धडा त्या पुस्तकात नाही.

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनेहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. १९१३ साली निघालेले हे कॉलेज आपल्या देशातील वाणिज्य शिक्षणाचे आद्य पीठ होय. पगार दरमहा साडेचारशे रुपये. सुरुवातीला विद्यार्थ्यांनी या नव्या प्राध्यापकांना फारसे मोजले नाही. पण त्यांची व्याख्याने इतकी अभ्यासपूर्ण असत की पुढे पुढे दुसऱ्या कॉलेजांतील विद्यार्थीही परवानगी काढून ऐकायला येऊन बसू लागले. वर्गात असा मान मिळत असता प्राध्यापकांच्या खोलीत काय चालले होते? तेथील पाण्याच्या माठाला त्यांनी हात लावू नये, असा काही सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला. साताऱ्याच्या शाळेतले पाणी, बडोद्याच्या कचेरीतले पाणी आणि आता प्राध्यापकांच्या खोलीतले पाणी! माणूस शिकून कुठल्या कुठे गेला, पण माठ होता तेथेच राहिला.

त्यांनी ही नोकरी धरून ठेवली ती पैसे साठविण्यासाठी. १९२० च्या मार्चमध्ये राजीनामा दिला. साठविलेला पैसा, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी केलेली मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज एवढ्या बळावर अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी ते पुन्हा लंडनला गेले. पारशांच्या काठ्यांनी ज्याला धर्मशाळेबाहेर काढले, त्याला एका पारशानेच हात दिला, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर हिशेबाची एकच बाजू लिहिल्यासारखे होईल. १९२१ साली एम. एस्सी. आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाबद्दल डी. एस्सी. या पदव्या त्यांनी मिळविल्या, बॅरिस्टरही झाले.

१९२३ च्या जुलैपासून त्यांनी मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. हा व्यवसाय निवडण्यात मोठा अर्थ होता. वकिलाला कोणा साहेबाच्या मर्जीवर राहावे लागत नाही. अर्थात येथेही सॉलिसिटर मंडळी त्यांच्याकडे खटले पाठवायला नाखूष असत. संसार चालविण्यासाठी जून १९२५ ते मार्च १९२८ पर्यंत त्यांनी बाटलीबॉय यांच्या हिशेबशास्त्राच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकविला. म्हणजे आपण आज जो विषय पाठ करतो, तो शिकवून बाबासाहेबांनी घर चालविले आहे. याच १९२५ साली ते आपल्या सीमाभागात, निपाणीस भरलेल्या अस्पृश्य परिषदेसाठीही येऊन गेले.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांची आणखी एक मुलाखत झाली. हिंदुस्थानच्या चलनाचा विचार करण्यासाठी आलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. समोर सरकारने नेमलेली तज्ज्ञ मंडळी होती. प्रश्न अवघड होते, पण ते सारे रुपया, सोने आणि किमती यांविषयीचे होते. सुवर्ण-विनिमय पद्धतीतले दोष त्यांनी तेथे निर्भीडपणे मांडले. आडनावाऐवजी विषयावर प्रश्न आले की माणूस कसा फुलतो, हे पाहायचे असेल तर ती साक्ष जरूर वाचावी.

पुढे काळ बदलला आणि बाबासाहेब मेजाच्या दुसऱ्या बाजूला आले. १९३५ साली ते सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. सूड उगवायचा तर संधी मोठी होती. त्यांनी काय केले? १९४३ साली मध्यवर्ती सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश निघाला, त्यामागे त्यांचाच आग्रह होता. १९४५ साली त्यांच्याच खात्यामार्फत एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजची व्यवस्था उभी राहिली. ओळखीपाळखी नसलेल्या उमेदवाराचे नाव नोंदवून घेणारी ही कचेरी ज्याने उभी केली, त्याला बडोद्याच्या स्टेशनावर घ्यायला कोणी आले नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे तिचे मोल कळते.

आणि शेवटी राज्यघटना. २९ आणि ३० नोव्हेंबर १९४८ हे लागोपाठचे दोन दिवस मला फार महत्त्वाचे वाटतात. पहिल्या दिवशी अस्पृश्यता नष्ट करणारे कलम घटना समितीने संमत केले; तेच आजचा सतरावा अनुच्छेद. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव सर्वांना खुले करणारे कलमही त्याच दिवशी चर्चेस आले. तो आजचा पंधरावा. दुसऱ्या दिवशी सरकारी नोकरीत सर्वांना समान संधी देणाऱ्या कलमावर चर्चा झाली. तो आजचा सोळावा. बडोद्याची धर्मशाळा पंधराव्यात आहे, कचेरी सोळाव्यात आहे आणि माठ सतराव्यात आहे. एका माणसाने गिळलेले अपमान असे कोट्यवधी लोकांच्या हक्कांत रूपांतरित झाले. त्याला मिळाली होती ती एका राजाची कृपा. त्याने दिला तो हक्क, आणि हक्काला समोरच्याच्या चांगुलपणाची गरज लागत नाही.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे दिल्लीस निधन झाले. काम अर्थातच पुरे झालेले नाही. सोळावा अनुच्छेद सरकारी नोकरीपुरता आहे. खाजगी पेढीच्या बंद दारामागे कोणते प्रश्न विचारावेत हे तो सांगत नाही. तेथे आज तरी विचारणाऱ्याची माणुसकी आणि उत्तर देणाऱ्याचा ताठ कणा एवढ्यावरच भिस्त आहे.

मित्रांनो, आपल्यापैकी बरेच जण येत्या दोन-तीन वर्षांत कुठल्या ना कुठल्या मेजासमोर उभे राहतील. कोणी हसेल, कोणी आडनाव विचारील, कोणी आपल्या मराठीला किंवा कन्नडला नाक मुरडील. तेव्हा त्या माणसाचे मत म्हणजे आपली किंमत, असे समजू नये. बाहेर पडावे, राहिलेला अभ्यास पुरा करावा आणि दुसरे दार ठोठवावे. आणखी दहा-पंधरा वर्षांनी आपल्यातलेच काही जण मेजाच्या पलीकडे, खुर्चीत बसलेले असतील. समोर खेड्यातून आलेला एखादा मुलगा किंवा मुलगी हातात गुणपत्रिका घेऊन उभी असेल. तेव्हा आधी तिला बसायला सांगावे, पाणी द्यावे, आणि मग तिच्या विषयातला प्रश्न विचारावा.